नऊ इंच

१

घरातली भिंत सरकवायला किती खर्च येईल, असं विचारणारा फोन मला आठवड्यातून एकदा तरी येतो. विरार पूर्वेला छोट्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला आपला हॉल कायम लहानच वाटतो. मुलं मोठी होतात, गावाहून आई राहायला येते, मग एका खोलीतले दोन फूट काढून दुसरीला द्यावेसे वाटतात. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय आणि अकरा वर्षं हीच कामं करते. जायचं, माप घ्यायचं, भिंतीवर स्लॅबचा भार नाही ना ते बघायचं, वायर कुठून गेली आहे ते शोधायचं आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आकडा पाठवायचा. भ्यावं असं त्यात काही नसतं.

फुलपाड्याच्या धुरींचा फोन मागच्या जानेवारीत आला. बाईंचा आवाज होता, साठीच्या आसपासचा.

"आतलीच भिंत आहे. बेडरूम आणि हॉलच्या मधली. थोडी सरकवायची आहे."

"किती फूट, काकू?"

"फूट नाही. नऊ इंच."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. नऊ इंचांत साधं कपाट बसत नाही. तेवढ्यासाठी कुणी घरात आठवडाभर धूळ करून घेत नाही. मी तसं म्हटलंही. बाई शांतपणे म्हणाल्या, "या तर खरं. बघून सांगा."

शनिवारी दुपारी गेले. तिसरा मजला, उजेडाचं घर, गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी. दार उघडलं त्या वसुंधराकाकू. त्यांचे यजमान हरिश्चंद्र धुरी वालीवच्या एका कारखान्यात लेथवर होते, आता निवृत्त. मुलगी हेमांगी अंधेरीला नोकरी करते, त्या दिवशी सुट्टीवर होती. मुलगा अनुज पुण्याला. काकूंनी पाणी दिलं, कोकम सरबत करू का म्हणून विचारलं. गावाकडचं माणूस करतं तसं सगळं.

पाणी पिताना माझी नजर खाली गेली. हॉलची लादी पांढरी होती, पण बेडरूमच्या भिंतीजवळ तिचा रंग बदलत होता. आधी नऊ इंचांचा एक पट्टा किंचित पिवळट, त्यापुढचा निळसर, त्यापुढचा अगदी कोरा. भिंतीला समांतर असे पाच पट्टे मी मोजले. वर स्लॅबला पाहिलं तर तिथेही पाच बारीक रेघा, रंगाखालून उठलेल्या.

"काका, ही भिंत आधी सरकवली आहे का?"

"पाच वेळा," हरिश्चंद्रकाका म्हणाले. "आठ वर्षांत. दरवेळी नऊ इंच. बेडरूम दहा फूट होती, आता सव्वासहा आहे."

"पण हॉल तर आता चांगला मोठा झालाय."

"हॉलसाठी नाही हो," काकू म्हणाल्या आणि उठल्या. बेडरूमच्या दाराला बाहेरून कडी होती. कडी काढण्याआधी त्यांनी भिंतीवर बोटांनी दोनदा टकटक केलं आणि शेजारणीला सांगावं तशा स्वरात म्हणाल्या, "जरा सरकून घ्या हो. माप घ्यायचंय."

२

खोली रिकामी होती. पलंग नाही, पंखा नाही, कॅलेंडरसुद्धा नाही. उजवीकडच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट लादीवर पडलं होतं आणि लादी स्वच्छ पुसलेली होती. एकटी राहणारी म्हातारी माणसं कधी कधी रिकाम्या खोलीशी बोलतात, हे मी पाहिलं आहे. पण हे एकटे नव्हते. घरात तरुण मुलगी होती आणि तिने आईच्या त्या बोलण्याकडे मानही वळवली नव्हती.

मी ज्या भिंतीसाठी आले होते तिच्याकडे वळले. तिच्यावर आतल्या बाजूने एक डाग होता. आपल्याकडे घराघरांत असतो तसा. खाली बसून टीव्ही बघताना माणसं डोकं टेकतात, मग खोबरेल तेलाचा तपकिरी गोल उमटतो आणि कितीही रंग द्या, परत वर येतो. तसाच, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. एक नव्हे, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शेजारी शेजारी. जसं काही कुणी आज इथे, उद्या तिथे, असं जागा बदलत भिंतभर टेकून बसलं होतं. बाकी तिन्ही भिंती कोऱ्या होत्या.

"इथे कोण बसतं?" मी विचारलं. मागे कुणी नव्हतं. तिघंही दाराबाहेरच थांबली होती.

मी लेझर मीटर काढला. तळहातात मावणारं यंत्र आहे ते. एका भिंतीला टेकवायचं, बटण दाबायचं, किरण समोरच्या भिंतीवर जातो आणि अंतराचा आकडा येतो. डाग असलेल्या भिंतीला ते टेकवून मी बटण दाबलं. सहा फूट तीन इंच यायला हवे होते.

चार फूट आठ आले.

समोर काही होतं का, तर काही नव्हतं. लाल ठिपका भिंतीवर दिसतो का ते पाहिलं, पण उन्हात तो नीट दिसत नाहीच. धुळीने कधी कधी आकडा चुकतो. भिंग शर्टाला पुसून पुन्हा दाबलं.

चार फूट एक.

बॅटरी, मी मनात म्हटलं. बॅटरी उतरली की आकडा येतच नाही, चुकीचा येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरीही मी बॅटरी असंच म्हटलं. तिसऱ्यांदा बटण दाबताना माझा अंगठा ओला झाला होता.

दोन फूट सहा.

मी चौथ्यांदा दाबलं नाही. भिंतीला पाठ लावून, बाजूबाजूने सरकत दारापर्यंत आले. काकूंनी लगेच कडी लावली.

"आलं ना माप?" त्यांनी विचारलं.

"आलं," मी म्हटलं. लाज वाटली म्हणून की भीती वाटली म्हणून, सांगता येत नाही.

३

हॉलमध्ये बसून मी वही उघडली. हात काम करायला लागले की डोकं ताळ्यावर येतं. भिंत साडेदहा फूट लांब, त्यात अडीच फुटांचं दार. भार नाही. भिंतीत फक्त एक स्विचबोर्ड. तोडणं, डेब्रिज खाली नेणं, नवी भिंत, दोन्हीकडून गिलावा, लादीचा नवा पट्टा, रंग. पन्नासच्या आत होणारं काम होतं. मी म्हटलं, "ऐंशी हजार." नको म्हणतील आणि मी सुटेन, असा हिशेब होता.

"चालेल," हरिश्चंद्रकाका म्हणाले.

"काका, इतके पैसे कशाला घालता? जिप्समचं हलकं पार्टिशन करून देते. पुढच्या वेळी सरकवायलाही सोपं."

"केलं होतं. वाकतं ते." त्यांनी तळहात फुगलेल्या पोटासारखा बाहेर वाकवून दाखवला. "टेकून टेकून वाकतं."

"बरं. मग असं करू. आधी आत नवी भिंत उभी करू, मग ही जुनी तोडू. म्हणजे घर उघडं पडणार नाही."

हेमांगी, जी आतापर्यंत मोबाइलमध्ये होती, तिने मान वर केली.

"दुसऱ्या वेळी तसंच केलं होतं," ती म्हणाली. "दोन भिंतींच्या मधे राहिलं ते. सतरा दिवस. माझी गादी तेव्हा या भिंतीशी असायची. मी—"

"हेमा," काकू म्हणाल्या, आणि ती थांबली.

मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं अजूनही वाटतं. मी एवढंच म्हटलं, "मग एकदाच विटांनी दार बुजवून टाका ना. नाहीतर घर विका."

"विकून दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं?" काकू म्हणाल्या. "आणि एकदम बुजवायला गेलो, तेव्हा ऐकत नाही. थोडं थोडं केलं की ऐकतं. नऊ इंच म्हटलं की सरकतं."

जिना उतरताना मी स्वतःला सगळं पटवून दिलं. तिघांच्या घरात एकाला भ्रम झाला की बाकीच्यांनाही होतो. भिंतीवर डाग ओलीने पडतात. यंत्र पडलं असेल कधीतरी. माझा गवंडी केनी तीन आठवडे घरी बसून होता आणि हे चार दिवसांचं काम होतं. खाली रिक्षात बसेपर्यंत मी सामानाची यादीही लिहून काढली होती.

४

केनी वसईच्या पापडीचा. सहा वर्षं माझ्याबरोबर आहे, हाताला सफाई आहे, तोंडाने फार बोलत नाही. त्याच्याबरोबर डेब्रिज उचलायला रंभा होती. मंगळवारी सकाळी नऊला आम्ही पोचलो, तेव्हा धुरींच्या हॉलमध्ये चार पाट मांडून ठेवलेले होते.

"हे कशाला?" मी विचारलं.

काकूंनी सांगितलं. भिंत तोडल्यापासून नवी उभी राहीपर्यंत जुन्या भिंतीच्या जागेवर माणसांनी बसायचं. ओळीने, खांद्याला खांदा लावून, खोलीकडे पाठ करून. दाराची चौकट सगळ्यांत शेवटी काढायची, म्हणजे ती बाजू दार सांभाळतं. उरलेल्या आठ फुटांना चार माणसं लागतात. नवी भिंत बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या वर गेली, की पुरे.

"वरून नाही का येणार?" मी विचारलं. चेष्टा करायची होती, पण आवाजात ती आली नाही.

"वरून यायचं त्याला सुचत नाही," काका म्हणाले.

चौथा माणूस दरवेळी अनुज असायचा. यंदा तो आला नव्हता. आठवडाभर फोन चालले होते म्हणे, शेवटी त्याने सांगितलं होतं, मी पुन्हा पाठ देणार नाही.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "कामाच्या माणसांना बसवणं बरं नाही," त्या म्हणाल्या. "संपदाताई, तुम्ही बसाल का? दोन-तीन तास. फक्त मागे वळायचं नाही. पाठीला काही लागलं तर लागू द्यायचं."

मी हो का म्हटलं? भर सकाळ होती, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, खाली भाजीवाला ओरडत होता. अशा वेळी नाही म्हणायचं म्हणजे त्यांच्यासारखंच मानणं झालं असतं. म्हणून मी हो म्हटलं.

केनीने खिडकीच्या बाजूने तोडायला सुरुवात केली. दोन हात भिंत मोकळी झाली की एकेक पाट सरकवला जायचा. पहिली हेमांगी बसली, मग काकू, मग काका. दाराजवळचा भाग माझा. तिथे गडबड झाली. चौकट वाळवीने पार खाल्लेली होती. केनीने शेजारच्या विटा काढल्या आणि दारासकट सगळी चौकट धाडकन हॉलमध्ये आली.

काकू किंचाळल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "तिथे काहीतरी लावा. लवकर."

केनीने दाराची फळी उभी करून त्या मोकळ्या जागेत टेकवली. मी तिच्याशेजारी पाटावर बसले. माझ्या उजव्या खांद्यात आणि फळीत वीतभर फट राहत होती.

"पुरतंय ना तिकडे?" काकूंनी विचारलं. "नाहीतर सगळे थोडे सरकू."

मापं घेणारी मी होते. मी फटीकडे पाहिलं. लहान मूलही तिरकं झाल्याशिवाय जाणार नाही, एवढी. "पुरेल," मी म्हटलं.

५

पहिला अर्धा तास काहीच झालं नाही. रंभा घमेली भरून खाली नेत होती. केनी माल कालवत होता. समोर हॉलच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्याकडे बघत मी बसले होते. पाठीवर खोलीतला गारवा जाणवत होता, भिंत नसल्यावर जाणवेल तेवढाच.

मग डावीकडे हेमांगीची पाठ वाकली. हळूहळू, पुढे. डोकं टेकून कुणी झोपलं की आपण वाकतो तशी. तिने डोळे मिटून घेतले होते. थोड्या वेळाने ती सरळ झाली आणि तिच्या शेजारी काकू वाकल्या. मग काका. काकांच्या ओठांची हालचाल चालली होती. पाढे म्हणत होते ते, एकोणतीसचा.

ते सरळ झाले तेव्हा पुढची पाळी कुणाची हे मला कळलं. शास्त्र, डिप्लोमा, अकरा वर्षं, सगळं आठवून पाहिलं. उठून जावंसं वाटलं. घड्याळाकडे बघत बसूनच राहिले.

दोन खांद्यांच्या मधे काहीतरी टेकलं. जड नव्हतं. कपाळ टेकावं तेवढंच. दमून आलेलं माणूस न विचारता शेजारच्यावर डोकं टाकतं, तसं. ऊबही नव्हती, गारही नव्हतं. आणि सगळ्यांत वाईट हे की मला त्याची कीव आली. मी थोडी मागे रेलले. त्याला बरं वाटावं म्हणून. मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

मग ते गेलं.

केनीने खिडकीच्या बाजूने नवी भिंत उचलायला घेतली. ज्याच्या मागचा भाग बांधायचा तो उठायचा आणि त्या जागी केनी उभा राहायचा. हेमांगी उठली, स्वयंपाकघरात जाऊन तिने चहा टाकला. राखाडी ब्लॉक एकावर एक चढत होते. काकू उठल्या. दोन वाजले. भीती हळूहळू ओसरत होती. संपत आलं, आता एकच भाग, असं मी मोजत होते. उजव्या खांद्याला शेजारच्याचा खांदा लागत होता, त्याचाही मला आधार वाटत होता.

हेमांगी चहाचा ट्रे घेऊन समोरून आली. मागोमाग काकू बिस्किटांची बशी घेऊन. केनी डाव्या हाताला ब्लॉक ठोकत होता. रंभा जिन्यात. काका माझ्या डावीकडे.

माझ्या उजवीकडे कुणी बसलेलंच नव्हतं. उजवीकडे वीतभर फट होती आणि फळी.

मी मान वळवली नाही. डोळे खाली केले, एवढंच. मला एक गुडघा दिसला, आमच्यासारखाच मांडी घातलेला, पण आमच्यासारखा रुंद नाही. कडेवर उभ्या ठेवलेल्या पुस्तकासारखा. त्यावर हात होता. बोटं एकमेकांना चिकटून, लांब, आणि त्यांच्यावर चुन्याचा जुना पांढरा थर. ओळीत बसायचं असतं, म्हणून ते ओळीत येऊन बसलं होतं. आठ वर्षं ज्याला अरुंद व्हायला शिकवलं, त्याला वीतभर जागा चिकार होती.

"काका, उठा आता," केनी म्हणाला.

काका उठले, दोन पावलं पुढे गेले आणि आळस द्यायला आमच्याकडे वळले. त्यांची नजर माझ्यावर आली, तिथून उजवीकडे सरकली आणि तिथेच राहिली. त्यांचा हात हवेत होता, तो त्यांनी सावकाश खाली घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, त्यांनी मान हलवली. नाही, अशी. पण ते मला वाटलेलंही असेल.

त्यांनी तोंड फिरवलं आणि चहा घेतला.

केनीने माझा भाग बांधला. माझ्या मागे ब्लॉक चढत होते आणि मी गप्प होते. एक शब्द पुरला असता. थांबा, एवढा. पण थांबल्यावर पुन्हा बसावं लागलं असतं, पुन्हा पाठ द्यावी लागली असती. मला फक्त उठायचं होतं. उठले, तेव्हा उजव्या खांद्याला काही लागलं नाही.

साडेपाचला दाराची जागाही बंद झाली. केनीने तीच फळी तिथे तात्पुरती ठोकली. काकूंनी नव्या भिंतीला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "इतकं शांत कधीच नव्हतं."

६

उरलेलं काम मी केनीकडून करून घेतलं. गिलावा, रंग, लादी, नवी चौकट. मी गेले नाही. केनीला विचारलं, "काही जाणवलं का तिथे?" तो म्हणाला, "नाही मॅडम. फक्त काका सोफ्यावरून उठत नाहीत आता. धूळ उडते म्हटलं तरी नाही."

पंधरा दिवसांनी काकूंनी फोटो पाठवला. आतल्या बाजूची भिंत, पांढरी, कोरी. खाली लिहिलं होतं, 'एकही डाग नाही. आठ वर्षांनी शांत झोपतो आहोत. देव तुमचं भलं करो.' मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा खोडलं.

माझं म्हणाल, तर एकच फरक पडला. पर्सचा पट्टा उजव्या खांद्यावरून घसरायला लागला. आधी वाटलं, पट्टा सैल झालाय. मग शिंपिणीकडे ब्लाउजचं माप दिलं. ज्युली माझी नेहमीची शिंपीण आहे. तिने टेप दोनदा लावला आणि म्हणाली, "ताई, तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच कमी कसा? मागल्या वेळी तर सारखे होते."

मी काही तासच बसले होते. एकाच बाजूला.

त्या रात्रभर मी काकांचा विचार करत होते. सकाळी फोन न करता निघाले. सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं.

७

दार काकांनीच उघडलं. अकरा वाजले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"दोघी जीवदानीला गेल्या आहेत," ते म्हणाले. "नवस फेडायला. या, बसा."

मी बसले नाही. त्यांच्याकडे बघतच राहिले. अंगात तोच नेहमीचा पांढरा शर्ट होता, पण खांद्याची शिवण कोपराकडे उतरली होती. सहा आठवड्यांत माणूस बारीक होतो. पण काका बारीक झाले नव्हते. चेहरा भरलेला, पोट तेवढंच. ते अरुंद झाले होते. डाव्या बाजूने, कुणी दाबून सारखं केल्यासारखे.

ते जाऊन सोफ्याच्या उजव्या टोकाला बसले. डावीकडची जागा मोकळी होती.

"काका, त्या दिवशी माझ्या शेजारी..."

"पाहिलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मी थकलो होतो, ताई. आठ वर्षं मी त्याला भिंतीने ढकलतोय. त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. हात गुडघ्यावर ठेवून बसलं होतं हो, आमच्यातलंच असल्यासारखं. उठा म्हणायला तोंड होईना."

"आणि आता?"

"माझ्यावरच टेकतं. दुसरीकडे जात नाही, मी इथून हललो नाही तर." त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. मी पाहिली. तारखा होत्या आणि पुढे मापं, इंच आणि सूत. "लेथवर होतो मी, सुताचा फरक हाताला कळतो. साडेसोळा इंच खांदे होते माझे. आज सकाळी चौदा भरले. ते टेकतं, तेवढं आपण सरकतो. परवा मी आंघोळीला गेलो होतो. परत आलो तर हेमा इथे बसून डुलक्या घेत होती, अशी वाकून."

त्यांनी चिठ्ठी घडी करून ठेवली.

"तिला किंवा वसुंधरेला काही कळलेलं नाही. कळू द्यायचंही नाही. नवी भिंत घालायला किती येईल, तेवढं सांगा. बेडरूमची नाही. इथे, या कोपऱ्यात. सोफ्याच्या भोवती. दोन बाजूंना भिंती आहेतच, दोनच घालायच्या."

"आत कोण?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"दोघं बसतील इतकी जागा हवी. चार फूट पुरे. पुढे पुढे तर त्याहून कमी लागेल."

"काका, असं कसं बोलता? काकूंना काय सांगणार? पोलीस आहेत, माझं लायसन्स आहे. मी असलं काम..."

"चारपर्यंत येतील त्या. मी आज बांधा म्हणत नाही. आकडा सांगा फक्त."

मला रडू येत होतं. पण हात कामाला लागले होते, त्यांना दुसरं काही येत नाही. पर्समधून स्टीलचा टेप निघाला. "दार किती रुंद ठेवायचं?" मी विचारलं, कारण ते विचारायचं असतं.

"दार नको," काका म्हणाले.

मी सोफ्याच्या उजव्या टोकाशी, काकांच्या बाजूला उभी होते. टेप लांब करून डावीकडे सोडला. चार फुटांनंतर टेप हवेत लवतो, त्याचं दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा धरा हो तिकडून."

काका दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. ते हलले नाहीत.

टेप ताठ झाला.